मोहरीचं पाणी

नियम पाच ओळींत मावले होते.
एकच स्लाइड. हलणारं चित्र नको, हातात वस्तू नको,
गाणं नको, कविता नको,
आणि तीन मिनिटांवर एक सेकंद गेला तरी बाद.
मी मातीची बरणी नेणार होते.
ती लँकॅस्टरच्या त्या सभागृहात बॅगेतच राहिली,
पायांशी, झाकण घट्ट लावून.

पंधरा दिवस कुकरसमोर उभी राहून बोलले.
पहिल्या शिट्टीला प्रस्तावना संपायला हवी,
दुसरीला पद्धत, तिसरीला निष्कर्ष.
शेजारच्या खोलीतली एन्केची वास घ्यायची आणि म्हणायची,
भात लागला, म्हणजे आजही लांबलीस.

इस्लामपूरहून काका फोनवर विचारतात,
गांडुळांत डॉक्टर होऊन पुढे काय?
आपल्याकडे कणा नसलेल्याला गांडूळ म्हणतात,
हा विनोद मी भाषणात घातला होता.
इंग्रजीत तो जागच्या जागी मेला.
प्रोफेसर हेस्टरनी पेन्सिलीने त्याला पुरलं,
मग पुढच्या वाक्यालाही.

विल्फ हडलस्टन दुसऱ्याच दिवशी कापला गेला.
त्याच्या शेतात मी चारशे बारा खड्डे घेतले.
थर्मासच्या झाकणात चहा ओतून द्यायचा,
कुंपणाला रेलून विचारायचा,
आज किती आल्या तुझ्या पोरी?
त्याने माझ्यासाठी अर्ध्या रानाला नांगर लावला नाही,
शेजाऱ्यांचं हसणं सोसलं,
आणि तिसऱ्या हिवाळ्यात गेला.
प्रबंधात तो आहे, आभारांच्या पानावर, सातवा.
तीन मिनिटांत आभार बसत नाहीत.

"तुम्ही कधी जमिनीला मोहरी पाजलीय?"
सभागृह हसलं. बरं वाटलं.
सांगितलं, फूटभर चौकोन आखायचा,
मोहरीची पूड कालवलेलं पाणी सावकाश ओतायचं,
आणि गुडघे ओले होईपर्यंत थांबायचं.
खाली झोंबतं. आधी एक टोक येतं वर,
विचार केल्यासारखं थबकतं,
मग उरलेलं अंग.
नांगरलेल्या रानात दोन, फार तर तीन.
न नांगरलेल्यात पहिल्या वर्षी तेवढीच,
दुसऱ्या वर्षीही तेवढीच,

आणि इथे मला शब्द सापडेना.
ती उभी उतरतात तो, तो,
पाणी ज्यातून आत जातं तो,
तोंडात फक्त बीळ आलं. बीळ.
समोर लाल आकडे धावत होते, एक बावन्न, एक त्रेपन्न,
पहिल्या रांगेतल्या परीक्षक बाईंनी नजर कागदात घातली.
शेवटी मी बोट हवेत खुपसलं,
वाकवत, वळवत, कोपरापर्यंत खाली नेलं,
वस्तू चालत नाही म्हणतात, बोटाचं कुठे काय लिहिलंय?
दोन-तीन जणांनी माना हलवल्या.
त्यांना समजलं असावं.

चौथ्या वर्षी एका चौकोनात सतरा,
हे म्हणेपर्यंत घंटा झाली होती.
तीन मिनिटं दोन सेकंद.
खुब्याच्या सांध्यावर काम करणाऱ्या मुलाला पहिलं बक्षीस गेलं.
तो खरंच छान बोलला,
माझ्या आईच्या खुब्यासाठी मीही टाळ्या वाजवल्या.

बसथांब्यावर सभागृहाची साफसफाई करणारी बाई आली,
दारातून ऐकत होती म्हणे.
मग पाऊस पडला की ती फुटपाथवर का येतात गं?
म्हटलं, खरं सांगू, नक्की कुणालाच माहीत नाही.
तिला ते उत्तर फारच आवडलं.
मी बरणी काढली, झाकण उघडलं.
तिने वाकून वास घेतला
आणि हातमोजा काढून बोट आत घातलं.

मोरकॅमची बस आली,
ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, दार मिटलं, गेली.
पुढची येईपर्यंत
आम्ही विल्फच्या थर्मासपर्यंत पोचलो होतो.