शेजारची बांधी

आधीच्या माणसाने रुग्णालयाला सोळा जागा दिल्या.
पहिली गावाच्या नावाची, ती कुणाला देत नाहीत.
शेवटची दवंडीची.
एक वेशीची, तिथूनच सगळं आत-बाहेर.
उरल्या तेरा.
तेव्हा यंत्रं होती सात.
त्याला वाटलं असेल, पुष्कळ झालं.

मी आलेय चौदाव्यासाठी.
एक्स-रे बोलायला लागला
की औषधखिडकीचा प्रिंटर मुका होतो,
प्रिंटर सुरू केला की एक्स-रे.
दोघांच्या कपाळी एकच आकडा.
खोब्रागडे सिस्टर म्हणतात,
एका सातबाऱ्यावर दोन भाऊ.

पाच वर्षांत किती वाढेल, मी विचारते.
डॉक्टर भोयर हसतात.
सोनोग्राफीची खोली बांधून तीन वर्षं झाली,
आत ब्लीचिंगची पोती.
पण लिहून ठेवा, म्हणतात. येईलही.

इथे हवं तेवढं मोजून मिळत नाही.
सोळानंतर एकदम बत्तीस, मग चौसष्ट.
सतरा मागाल तरी पदरात बत्तीसच.

झिबल गुरनुले टॉर्च धरून उभा,
रात्रपाळीचा शिपाई, दिवसा धानवाला.
माझ्या वहीतले चौकोन बघतो.
"बांधी मोठी कराची असन
त मधला धुरा फोडा लागते, म्याडम.
पन शेजारची आपली पायजे ना."

शेजारच्या सोळा
पंचायतीच्या नावे चढलेल्या, कधीच्या.

म्हणजे बिऱ्हाडच हलवायचं.
पार पलीकडे, मोकळ्या टोकाला
चौसष्ट जागा आखल्या.
त्याला लागून आणखी चौसष्ट, तिथे
पेन्सिलीने लिहिलं : पडीक. मुद्दाम.

"येवढी रिकामी कोनासाठी?"
अजून नाव पडलं नाही, म्हटलं.
त्याला पटलं की नाही कळेना,
टॉर्च जरा हलला.

अडीच वाजता लाइट गेली.
सव्वातीनला आली.
एकेक यंत्र नवा आकडा घेऊन उठलं,
प्रयोगशाळेतलं दोनदा हट्टाने जुनाच सांगत राहिलं,
वायर काढून पुन्हा लावली, तेव्हा कुठे.

पाचला प्रिंटर खाकरला.
संध्याकाळपासून तुंबलेले केसपेपर
गरम गरम बाहेर यायला लागले.
झिबलने पहिला उचलला,
लांब धरून वाचला :

शेवंता मडावी यांचे बाळ.
वय, एक दिवस.