घोटारी

एरंडोलच्या रेकॉर्ड रूममध्ये
दुपारी अडीचला लाइट जाते,
मग मी दप्तर खिडकीशी ओढते.
मोडी वाचायचे रोजाने पैसे मिळतात,
अर्थ लावायचे नाहीत.

सन १८९१, पान सदतीस.
सुभान वलद हसन, उमर अदमासे पन्नास,
ताप येऊन मयत.
आणि धंद्याच्या रकान्यात
हात न उचलता लिहिलेलं:
घोटारी.

बाहेर बाकावर इस्माईल दगडू,
शाळेच्या पोरांची रिक्षा सावलीला लावून.
सुभान त्याच्या आजोबांचा आजा.

पिंजारी कळतो, रंगारी कळतो,
पोतदार, जागल्या, तेही कळतात.
हा कोण?
भांग घोटणारा? वैद्याच्या खलात मात्रा घोटणारा?
दाढी म्हणावी, तर न्हाव्याची नोंद
लगेच खाली आहे, त्याच हातची.

शिपाई भिका डोकावतो,
"काय लिखेल शे, ताई?"
वाचून दाखवते.
तो स्वतःचाच गळा धरून हसतो.
इस्माईल हसत नाही.
"काहीतरी बरं लिहा," म्हणतो,
"पोरगी वाचेल."

कोशात 'घोटणे'खाली बावीस ओळी.
त्यात माणूस एकही नाही.
मोडी शिकताना मी महिनाभर
नुसता क घोटला होता,
तसं तर मीही.

चाळा म्हणून शब्दावरून बोट फिरवलं.
बोट घसरलं.
शेजारचं दप्तर काढलं, तीस वर्षांनी अलीकडचं,
गिरणीच्या कागदाचं:
तिथे बोट अडतं, काठ मोडून हातात येतो.
इथे नाही.
पान उजेडाला धरलं.
आत तागाचे धागे, चिंधीचा एक निळा कण,
वर खळ,
खळीवर बारीक आडव्या वाटा,
कुणीतरी गुडघे मुडपून
गुळगुळीत दगड दाबत नेल्याच्या,
नेला आणि आणला,
नेला आणि आणला.

अंजनीकाठी कागदाच्या कुंड्या होत्या म्हणे,
भिका सांगतो. त्याच्या आज्यानं पाहिलेल्या.

हे पान सुभानचंच असेल असं नाही.
मला तसं हवंय, इतकंच.
गुळगुळीतपणा
कोणत्याच कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही.

तरी दाखल्यावर लिहिलं,
रकान्यात मावेना म्हणून समासात:
कागद घोटून झिलई देणारा, अदमासे.

इस्माईलला आत बोलावलं.
म्हटलं, इथे हात लाव.
त्यानं आधी दोन्ही तळवे
विजारीला पुसले.