अधिक महिना

अधिकात लग्नं नसतात, म्हणून कार्यालय स्वस्तात मिळालं,
डोणज्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून.
पुरुषांनी 'वरपक्ष'मध्ये झोपायचं, बायकांनी 'वधूपक्ष'मध्ये.
पाट्या कुणी काढल्या नव्हत्या.
सासुरवाडीचे अनारसे चुकवून
मी, भोसरीचा मेन्टेनन्स फिटर, सव्वीस वर्षं सर्व्हिस,
भिंतीकडे तोंड करून बसलो.

भिंतीवर चिकटपट्टीचे वण.
थर्माकोलची नावं कधीच खरवडून नेलेली,
'चि.' तेवढा राहिलेला.

श्वास मोजायचे. एक ते दहा, मग परत एक.
भानावर आलो तेव्हा मी दोनशे बारावर होतो.
जॉब मोजायची सवय.
परत एक.
उजवा गुडघा आधी तापला, मग बधिर झाला,
मग कुणा दुसऱ्याचा झाला.

आणि पंखा.
स्टेजपासून तिसरा.
दर फेऱ्याला एकदा, कट्.
खालचं बेअरिंग, ग्रीस वाळलेलं,
फार तर महिनाभर काढेल.
पण सांगणार कुणाला?
बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरसुद्धा द्यायची नाही.
जिथे जिलबीचा आग्रह चालतो त्याच पंगतीत
वाटीत गरम पाणी, मुळ्याच्या फोडीने वाटी पुसायची,
पाणी पिऊन टाकायचं,
फोड खायची.
कट्.

तिसऱ्या दिवशी ओगलेबाईंनी एकेकाला आत बोलावलं.
आत म्हणजे रुखवताच्या खोलीत.
'काय आणलंत?'
तीन दिवसांनी तोंड उघडलं, आवाज गंजलेला.
'तिसऱ्या पंख्याचं बेअरिंग गेलंय.'
'हो,' बाई म्हणाल्या
आणि घंटी वाजवली.
घंटी वाजली की उठायचं असतं.

दुपारच्या कामाला माझ्या हातात झाडू होता.
तो टेकवला, घोडा ओढला,
भटारखान्यातून वाटीत गोडेतेल आणलं.
गोडेतेल! शॉपमधल्या कुणी पाहिलं असतं तर.
संध्याकाळी हॉल असा काही शांत झाला
की मला माझंच गिळणं ऐकू येऊ लागलं,
आणि ते काही बरं वाटेना.

पाचव्या दिवशी मौन सुटलं.
शेजारचा वाकडचा मुलगा, शंतनू बोरगे.
त्याच्या पायमोज्याचं भोक चांगलंच ओळखीचं,
चेहरा नवा.
म्हणाला, 'तो कट् कट् आवाज होता ना काका,
मी त्याच्यावरच मोजत होतो.
परवा बंद पडला,
नंतर काही जमलंच नाही बघा.'

मी 'सॉरी' म्हणालो.
कशाबद्दल, ते त्याला कळलं नाही,
मीही सांगितलं नाही.

स्वारगेटच्या बसला वीस मिनिटं होती.
पायरीवर बसून आम्ही बूट चढवत होतो.
आत कुणीतरी एकेक बटण खाली करत होतं.
पंखे थांबत गेले.
तिसरा
सगळ्यांच्या नंतर.