चार बोटं आखूड

घड उतरला की खोड मोकळं होतं, आणि नकोसं.
अनेरकाठच्या मळ्यांत ते आडवं पाडतात,
बांधाला लोटतात, ढोरं चार दिवस चघळतात.
मी तिथूनच आणते. पैसे कुणी मागत नाही,
फक्त विचारतात, "गेंदाबाई, कचरानं काय करशी वं?"

आम्ही बुरूड. हात बांबूवर वाढलेले.
बांबूला कोयता लावला की तो बोलतो, तडातड,
कुठं फुटणार ते आधी सांगतो.
केळ सांगत नाही. केळ पाणी सोडते.

वरची दोन सोपटं सडकी, ती फेकायची.
अगदी आतली पांढरी, बाळाच्या तळव्यासारखी,
तिच्यात अजून काही धरलेलं नसतं.
मधली चार-पाच कामाची.
पाटावर उताणी घालून सुरीच्या बोथट कडेनं
निपटत राहायची, चीक कोपरापर्यंत येईतो.
हा डाग धुण्यानं जात नाही.
माझ्या सगळ्या लुगड्यांना आहे,
ठरल्यासारखा, उजव्या मांडीवर.

सावलीत तीन दिवस, उन्हात एक.
चोपड्याच्या वैशाखात तो एकही जास्त होतो:
पट्टी पापडासारखी कडकन मोडते.
म्हणून रात्री तिच्यावर ओलं बारदान पांघरायचं
आणि पहाटे, रस्त्याला ट्रॅक्टर लागायच्या आत, विणायला बसायचं,
ती मऊ आहे तोवर.

वीण तिरपी. सुरुवात बुडाच्या कोपऱ्यापासून.
सासूनं सुपासाठी शिकवलेली मोजणी इथं चालली नाही,
पहिल्या सहा पिशव्या बुडाकडून उसवल्या.
सातवीच्या तोंडाला मी बांबूची कडी घातली.
जरा लाज वाटली, केळीला बांबूचा टेकू देताना.
मग आठवलं,
मळ्यात भरल्या घडालाही तोच देतात.

पुण्याची एक संस्था या पाठीवरच्या पिशव्या घेते.
त्यांचा माणूस फुटपट्टी घेऊन येतो.
उंची सव्वा हात नाही म्हणायची, सेंटिमीटर म्हणायचं.
दोन्ही पट्टे सारखे.
एक पिशवी परत आली: डावा पट्टा चार बोटं आखूड.
चिठ्ठीवर लाल शाईत, चूक.

चूक कसली.
त्या आठवड्यात सुपडू रोज दारावरून जात होता
आणि पट्टा वळताना माझं लक्ष त्याच्या पाठीकडे होतं.

सुपडू म्हणजे, आधीची तीन गेली
म्हणून जन्मताच ज्याला सुपात घातला, कोंड्यासारखा,
मरणाला वाटावं, हे पाखडून टाकलेलं आहे.
ते सूप आमच्याच घरातून गेलं होतं.
एकतीस वर्षं त्यानं घड वाहिले, वाफ्यातून ट्रकपर्यंत,
सगळे डाव्या खांद्यावर.
तो खांदा आता खाली गेलाय,
बाजेचा एक पाय जमिनीत रुतावा तसा.
फुटपट्टीवर असल्या खांद्याची रेघ नव्हती.

हाक मारली. पिशवी चढवली.
तो काही बोलला नाही.
अंग दोनदा हलवून पाहिलं, बैल नवं जू पाहतो तसं,
चार पावलं गेला, परत आला.
"हाई ते मनी पाठ वळखस," म्हणाला.
पैसे किती, विचारलं.
म्हटलं, सुपाचेच राहिलेत अजून, ते आधी दे.

आता तिच्यात भाकरी असते, कोयता असतो,
कधी आंधळ्या बहिणीसाठी शेव-चिवड्याची पुडी.
चालताना ती कुरकुरते, दोन घरं आधी ऐकू येते.
त्यानंच कधी उतरवलेल्या घडाचं खोड
असेलही त्या विणीत, नसेलही.
सोपट झाल्यावर कोणती केळ, ओळखू येत नाही.

पुढच्या वीस पिशव्या मात्र मी सारख्या केल्या.
एकही परत आली नाही.
विणताना दाराकडे पाठ करून बसले.