दहावी जागा

प्रणोती बोरस्ते, अकरावी, तिसरा बाक,
विचारते: मॅडम, तांब्याचं चुकलंय ना?
क्रमानं भरत गेलं तर डीमध्ये नऊ हवेत, एसमध्ये दोन.
पुस्तकात छापलेत दहा आणि एक.

अपवाद आहे, मी म्हणते. पाठ कर.

घरी जाताना तांबट आळीतून जाते.
इथंच दादा मठारायचे,
घंगाळाच्या कुशीवर खळगीशेजारी खळगी,
ठोक्याठोक्यानं तांबं कणखर होत जायचं.
गळतंय का पाहायला ते काठोकाठ पाणी भरत
आणि काठावर एक हलकी टिचकी.
पाणी शहारायचं.
पण मधूनमधून काही रेघा अशा
की तिथं पाणी हलायचंच नाही.
वेगळी टिचकी, जास्त रेघा.
अडीच रेघा मात्र मी कधीच पाहिल्या नाहीत.

इलेक्ट्रॉन हा गरगरणारा ग्रह नव्हे, प्रणोती.
केंद्राच्या ओढीत कोंडलेली ती लाट,
आणि तिला बसतील तेवढेच आकार:
एक गोल.
तीन जोडपाकळ्या.
पाच, त्यातले चार चौपाकळी
आणि एक गळ्यात कडं घातलेला.
मग सात, ते मला फळ्यावर जमत नाहीत.
एका आकारात दोघे, उलट फिरकीचे.
म्हणून दोन, सहा, दहा, चौदा.
म्हणून भिंतीवरचा तक्ता दोन्ही कडांना उंच, मध्ये खोल,
आणि खाली दोन ओळी
जागा पुरली नाही म्हणून बाहेर वाळत घातलेल्या.

तिसरा का मावत नाही?
दोघांची अदलाबदल केली की लाटेचं चिन्ह उलटतं, हा नियम.
पण दोघे हुबेहूब एकाच जागी असतील
तर अदलाबदल झाली तरी काय बदललं?
लाट तीच. आणि नियमानं तीच उलट.
स्वतःच्याच उलट असेल अशी एकच गोष्ट आहे,
शून्य.
म्हणून नवा आला की त्याला वरचा मजला.
म्हणून मीठ, म्हणून लोखंड,
म्हणून माझा हात या टेबलातून आरपार जात नाही.
नियम असाच का, ते विचारू नकोस. मला सांगता येणार नाही.

सोमवारी ती पिंपळगावच्या बसनं उशिरा येते.
नखं निळी.
काल बागेत फवारणी होती, मोरचूद नि चुना,
धुतलं तरी जात नाही, मॅडम.

मी दादांचा तांब्या पिशवीतून काढून तिच्या हाताशेजारी ठेवते.

हे बघ. तांब्यापाशी येईतो दोन पायऱ्या
जवळजवळ एका उंचीवर येतात,
आणि तुझा क्रम हा नुसता ठोकताळा उरतो.
एसमधला एक डीत उतरतो, दहावी जागा भरते.
त्या भरल्या दहातला एखादा
निळाहिरवा प्रकाश गिळून वर उडी घेतो,
उरतो हा तांबडा.
याच्याखाली चांदी, तिच्याखाली सोनं,
तिघांच्याही बाहेरच्या घरात एकटाच.
आपली आळी संपते तिथंच सराफ बाजार सुरू होतो, हे आपलं उगाच.

आणि मोरचुदात तांब्यानं दोन गमावलेत:
बाहेरचा एक, आणि दहातला एक.
त्या एका रिकाम्या जागेपायी ते
तांबडा प्रकाश गिळतं आणि निळं दिसतं.
तुझे नऊ चुकले नव्हते गं.
तुझ्या नखांत आहेत.

ती नखं उजेडात धरते. वर्ग पुढं वाकतो.
मग म्हणते, आणि क्रोमियमचं?

मी खडू शोधते.