अकरा सेकंद

रेकॉर्डिंग रात्री दहानंतरच.
मस्कतचा ऑगस्ट, तेव्हाही बाहेर अडतीस,
समुद्राची वाफ काचांना बाहेरून चिकटलेली
आणि आत सत्तर माणसं आपापली लाकडं घेऊन बसलेली.
माझं काम एवढंच:
लाल दिवा लागला की चिलर बंद,
दिवा विझला की चालू.

संगीतकार रशियन. वोरोत्निकोव.
कुठल्याशा नदीकाठच्या गावात वारला म्हणे, हिवाळ्यात,
पाच सिम्फनी दोरीनं बांधून ठेवून.
चौथीत तो व्हायोलिनवाल्यांना सांगतो,
गज तारेला टेकवा, ओढू नका,
बर्फावर पाऊल ठेवून बघावं तसं.
इथे अकराव्या मिनिटालाच हॉल अठ्ठावीसवर.
गजावरची बोटं घामेजतात,
चेलोचा स्वर हळूच खाली बसतो,
शमसाचा ओबो, आपल्या सनईचा लांबचा भाऊबंद,
वर चढत जातो,
आणि दोघांच्या मधल्या फटीसाठी
सगळे माझ्याकडे बघतात.

तिसऱ्या रात्री मारगुस काचेमागून बाहेर आला.
एस्टोनियाचा माणूस, डोळे मिटून ऐकणारा.
म्हणाला, तुझं मशीन बंद असतानाही काहीतरी आहे.
खुर्च्या तपासल्या. दिवे तपासले.
एका म्हाताऱ्या बासवाल्यानं घड्याळ काढून खिशात टाकलं,
मग खिशातून काढून बाहेर नेऊन ठेवलं.

मला माहीत होतं.
टप्.
मग बराच वेळ काही नाही.
टप्.

बापानं इचलकरंजीत बत्तीस वर्षं माग चालवले.
आठ मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागावर धागा तुटला
ते त्याला पाठमोरं कळायचं.
कान त्यातच गेले. कळणं राहिलं.
आमच्यात वाटायला जमीन नव्हती,
माझ्या वाट्याला हेच आलं.

छताच्या जाळीतून आत शिरलो, पोटावर सरकत.
ग्लासवुलची खाज, अंधार, तोंडात टॉर्च.
डक्टच्या कोपऱ्यात थंडाव्याचं उरलेलं पाणी
पत्र्यावर पडत होतं.
फडकं अंथरलं, तरी आवाज. ओलं फडकंही बोलतं.
शेवटी हात धरला.
टॉर्च विझवला, आणि खाली लाल दिवा लागला.

एकोणीस मिनिटं.
विहिरीच्या काठावर पालथं पडून
आतल्या माणसांचं बोलणं ऐकावं तसं ऐकलं.
शब्द लागत नव्हते. काहीतरी बिनसलंय
आणि कुणी कुणाला सांगत नाहीये, एवढं कळलं.
मग सगळे थांबले.

शमसानं ते पान मला एकदा दाखवलं होतं:
इथे त्यानं काहीच लिहिलेलं नाही,
फक्त वर ही खूण, अर्धमिटल्या डोळ्यासारखी.
किती थांबायचं ते उभा असलेला ठरवतो.
त्या रात्री अकरा सेकंद.
माझ्या तळव्यावर तीन थेंब पडले.
ते रेकॉर्डमध्ये नाहीत. हवं तर ऐकून बघा.

सीडी जानेवारीत निघाली.
आतल्या पानावर चार रकाने नावं, बारीक टायपात.
एसी कुणी बंद केला ते छापत नाहीत.
छापू नयेच. कुणाला वाचायचंय?

मे महिन्यात घरी गेलो तेव्हा बापाला ऐकवली.
कानाचं यंत्र त्यानं काढून ठेवलं,
तळहात स्पीकरवर टेकवून बसला,
ताणा घट्ट आहे का बघावं तसा.
ढोल आले तेव्हा नुसता हुंकार.
ओबोला काहीच नाही, तो त्याच्या हातापर्यंत पोचलाच नसावा.

मग ती जागा आली.
त्यानं हात उचलला नाही.
मान मात्र वर केली, दाराबाहेर पाहिलं,
पेठेतले सगळे कारखाने एकदम थांबल्यासारखं.

‘लाइट गेली काय रं?’

डोक्यावर पंखा फिरत होता.
‘येईल आता,’ मी म्हणालो.