इसार

चित्र कोणतं, ते मी नंतर विचारते.
आधी जागा.
जागा ठरली की निम्मं काम झालं,
पुढे सुईचं आणि शाईचं आपसांत जमतं.

ब्राइस आला तो आईला घेऊन.
तेवीस वर्षांचा, दारातून वाकून आत येणारा,
खिशात चार घड्या घातलेला ऑक्टोपस.
आई, दोरिन्दा, लाट मागे सरली की खडकांवर उतरून
पेर्सेबेस खरवडून विकणारी,
खुर्चीवर टेकली नाही, पिशवी खाली ठेवली नाही.

"ऑक्टोपस नको," ती म्हणाली.
"नाव लिही. गाव लिही. माझा फोन नंबर लिही."
"आई, मी काय हरवलेलं कुत्रं आहे?"
"अजून नाहीस."

बाहेर कोरुन्याची भुरभुर,
छत्री उघडायचीही लाज वाटावी इतकी.
मी कागद पुढे ओढला. दंडावर, तो म्हणाला.
"दंड नको," ती म्हणाली. "हात आधी जातात."

कुठे जातात ते मी विचारलं नाही.
तिनेच सांगितलं, भिंतीवरच्या ड्रॅगनकडे बघत:
"याच्या बापाच्या वेळी मला एक बूट दाखवला.
अख्ख्या बोटीचे बूट एकाच दुकानातले.
मी हो म्हणाले. काय म्हणणार होते?
अजूनही फुलं ठेवताना वाटतं,
परक्याच कुणाला देतेय."

ब्राइसने घडी उलगडली, पुन्हा घातली.
हे त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मला काही सुचेना तेव्हा मी नियम सांगते.
आदल्या रात्री दारू नाही.
सकाळी पोटभर खाऊन यायचं.
उन्हाने सोललेली कातडी चालणार नाही.
आणि नंतर तीन आठवडे
समुद्राचं पाणी लागता कामा नये.

"सोमवारी बोट सुटते," तो म्हणाला. "ग्रान सोलला."

सुया होत्या, शाई होती, हातमोज्यांचा नवा खोका होता.
कोरडे दिवस तेवढे नव्हते.

"माप तरी घेऊन ठेवते," मी म्हणाले, "शर्ट काढ.
तीळ टाळून काढावं लागतं."
मी पेन उघडलं, तर मागून आवाज आला,
पाठ आमच्याकडे, तोंड कोट टांगायच्या खुंटीकडे:
"डाव्या खांद्याखाली दोन, जोडून.
कण्याच्या उजवीकडे एक, मसुराएवढा.
कमरेवर पांढरा व्रण, सायकल, दहावं वर्ष.
काखेत एक, तो हसला तरच दिसतो."
मी एकेक ठिपका कागदावर मांडत गेले.
सगळे जागच्या जागी होते.

एक जास्तीचा निघाला. बरगडीवर, भाजलेला.
"हा कधीचा?"
"मागच्या सफरीत. वाफेचा पाइप."
तिने तेव्हा पिशवी खाली ठेवली,
जवळ येऊन त्यावर बोट टेकवलं
आणि बराच वेळ उचललं नाही.
तो काही बोलला नाही. मीही नाही.

चौदा नोव्हेंबर, सकाळी दहा.
इसार साठ युरो. काउंटरवर पाटी आहेच:
गिऱ्हाईक आलं नाही तर इसार परत मिळणार नाही.
तिने पाटी दोनदा वाचली.
बाजारात मुठीमुठीला घासाघीस करणारी बाई ती,
शंभर मोजले, ओलसर, खाऱ्या वासाचे.
"एवढे लागत नाहीत," मी म्हणाले.
"राहू देत. पावतीवर त्याचं पूर्ण नाव लिही.
आणि काढ तो ऑक्टोपस.
आठही हात नीट काढ, एकही कमी नको."

ठिपक्यांचा कागद तिने मागून घेतला.
ब्राइस शर्टाची बटणं चुकीची लावत बाहेर पडला,
ती मागून, पिशवी छातीशी धरून.

तारखा मी पेन्सिलीने लिहिते,
लोक बदलतात, रद्द करतात, घाबरतात.
ही शाईने लिहिली.